दोन गळ्यांचा कोट

“पोर कोरडी राहिली तर वर जा. भिजली, की अर्ध्या वाटेतून माघारी. मंग मला बोलायचं न्हाई.”

आत्याबाईंनी ही अट घातली तेव्हा आमच्या गावात भिजायला काही नव्हतंच. २०१५ चा जुलै चालू होता, सलग तिसरं कोरडं साल. टँकर चार दिवसांतून एकदा यायचा. म्हशी चारा छावणीत होत्या. आणि माझी दुर्वा, अकरा महिन्यांची, तिनं धड पाऊस असा पाहिलाच नव्हता. नळ पाहिला होता, तोही कोरडा. त्याची चावी फिरवायला तिला फार आवडायची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केसरबाई. पाणी जपण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं शेळीला, आणि शेळीनं तोंड फिरवलं तर तुळशीला. तुळशीनं तोंड फिरवायची सोय नव्हती.

झालं होतं असं. आमचं गाव सिरसाळ्यापासून सहा-सात किलोमीटरवर. गावात आम्हा बायकांची सहकारी दूध संस्था आहे. वच्छलाबाई तिच्या अध्यक्षा. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेचं पत्र त्यांना आलं. माळशेजच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या बायकांनी उतारावर दगडी बांध घालून गवत वाढवलंय, त्यांच्या जनावरांना उन्हाळाभर चारा पुरतो. तुमच्यातल्या पाच जणी या, बघा, शिका. जी शिकून येईल तिच्याकडं पुढच्या साली आमच्या माळावरच्या गवताचं काम द्यायचं, असं वच्छलाबाईंनी ठरवलं. बघितलेलं लिहून आणणारी एक हवी होती. बारावी झालेली मी एकटीच.

मला ते काम हवं होतं. लई हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून मी गावाबाहेर दोनदाच गेले होते, एकदा माहेरी आणि एकदा बाळंतपणाला, म्हणजे तेही माहेरीच. पण दुर्वा अंगावर पीत होती. मला सोडून दोन दिवस राहणं तिला जमणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. म्हणून तिला घेऊनच जायचं. पाच जणींत आत्याबाईही होत्या, त्यामुळं अट मोडली की नाही हे बघायला पंच सोबतच होता.

पत्रासोबत एक यादी होती. वाडीवर नेणारा बंकट नावाचा कार्यकर्ता, त्याच्या सहीची. गाडी पायथ्याशी थांबते, पुढं तीन तास पायी चढ, आणि पाऊस सतत. दूध घालायला आलेल्या बायकांसमोर मी ती यादी मोठ्यानं वाचली.

“पावसाळी कोट. छत्री चालणार नाही, वारा फार असतो.”

“मपल्या लग्नात एक छत्री आलती,” छबुबाई म्हणाली. गावातली शिलाई मशीन तिच्याकडं. “तिच्याखाली आता कोंबडी अंडी घालती.”

“सुती कपडे टाळावेत. ओले झाले की जड होतात, लवकर वाळत नाहीत.”

“वाळत न्हाईत?” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्याकडं तर दोरीपतूर न्यायच्या आधी वाळतंय.”

“शेवाळावरून घसरणार नाहीत असे बूट.”

शेवाळ हा शब्द कितीतरी दिवसांनी कोणाच्या तोंडून निघाला होता.

“आपल्या विहिरीच्या पायरीला असायचं,” रतनबाई हळूच म्हणाली. “हिरवंगार.”

“मऊ लई,” छबुबाई म्हणाली.

गावातलं कोणी चांगलं माणूस गेल्यावर बोलतात तसं सगळ्या बोलत होत्या. मी पुढचं वाचलं.

पहिल्यांदा आम्ही सिरसाळ्याच्या बाजारात गेलो. बद्रीनाथशेठच्या दुकानात सगळं मिळतं, नांगराच्या फाळापासून नवरीच्या चुड्यापर्यंत. रेनकोट म्हटल्यावर शेठनी चष्मा काढून आमच्याकडं नीट पाहिलं.

“कावून? बातमी हाय का काय पावसाची?”

“पाऊस जिथं हाय तिथं चाललोत,” वच्छलाबाई म्हणाल्या.

शेठ माळ्यावर चढले. बराच वेळ खुडबूड झाली, धूळ आली, मग एक निळा गठ्ठा खाली पडला, धप्प. डझनभर रेनकोट होते त्यात. तीन उन्हाळे पत्र्याखाली काढले होते बिचाऱ्यांनी. वितळून एकमेकांना असे चिकटले होते की शेठनी एकाची बाही ओढली तर दुसऱ्याची पाठ निघून आली.

“हे बगा,” शेठ न लाजता म्हणाले, “जोडूनच हाय. पाची जणी एकात बसताल. कुणी हरवायची भीती न्हाई.”

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

मग रतनबाईनं आपल्या मालकाची, धुळाजीमामांची घोंगडी आणली. मामांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. चारा छावणीच्या दारात त्यांनी आम्हाला दाखवलं, घोंगडीचं एक टोक कसं आत दुमडायचं, त्याची डोक्यावर खोळ कशी करायची, पाणी पाठीवरून कसं घसरून जातं. पाणी अर्थात नव्हतं. मामा हातानं दाखवत होते, “हितून आलं, हितून गेलं.”

“ह्या घोंगडीनं चाळीस सालं डोंगरातला पाऊस खाल्लाय, पोरी. तुज्या त्या पिलास्टिकनं काय खाल्लंय?”

मी दुर्वाला छातीशी धरून खोळ घेतली. आत छान अंधार, उबदार, मेंढराचा वास. दुर्वा शिंकली. मग परत शिंकली. सात शिंका मोजल्या आम्ही. बाहेर काढली तर गालांवर लाल चट्टे.

“हिला लोकर सोसना,” आत्याबाई म्हणाल्या.

“मंग म्या नेते माजी मला,” रतनबाई म्हणाली. “तुमी बसा कापडं हुडकत.”

शेवटी युक्ती काढली छबुबाईनं. आमच्या दूध संस्थेनं पाऊस होता त्या साली मुरघास केला होता. हिरवा मका बारीक कापून मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबून भरायचा, हवा काढून तोंड बांधायचं, तो आत आंबतो आणि जनावरं आवडीनं खातात. त्याच्या रिकाम्या पिशव्या गोदामात घडी घालून ठेवलेल्या होत्या. जाड, चांगल्या, एक भोक नाही.

धुवायला पाणी कुठलं? राखेनं घासल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या. तरी ताकात गूळ कालवून आठवडाभर विसरल्यासारखा वास येत होता. पण पाच जणींना चार कोट, रतनबाईची घोंगडी वेगळी, असा हिशेब बसला.

माझा कोट मात्र सगळ्यात अवघड होता. दुर्वाला जुन्या लुगड्याच्या झोळीत पुढं बांधायचं, आणि वरून एकच कोट दोघींना. म्हणजे गळे दोन. एक माझा, त्याच्या खाली वीतभर अंतरावर तिचा. छबुबाई मापं घ्यायला बसली. माझं माप लगेच झालं. दुर्वाचं माप घेताना दुर्वानं टेप चावला, ओढला, मग मांडीखाली घालून त्याच्यावर बसली.

“अगं भवाने, तुजा गळा घ्यायचाय, जीव न्हाई!” छबुबाई ओरडली. दुर्वा खळखळून हसली. तिला छबुबाईचं ओरडणं म्हणजे गाणंच वाटतं.

प्लास्टिक मशीनखाली सरकत नव्हतं, तर छबुबाईनं खाली वर्तमानपत्र घालून शिवलं आणि मग ते फाडून काढलं. शिवणीवर मेणबत्ती घासली, टाक्यांतून पाणी जाऊ नये म्हणून. माझ्या कोटाच्या आतल्या बाजूला अजून एका मंत्र्याच्या दौऱ्याची अर्धी बातमी चिकटलेली आहे.

आता परीक्षा. कोट घालून पाण्याखाली उभं राहिल्याशिवाय कळणार कसं? आणि पाणी ओतायचं म्हणजे? आत्याबाईंनी दोन दिवस विचार केला. टँकरच्या दिवशी त्यांनी तांब्याचं मोठं घंगाळ अंगणात मांडलं. मी दुर्वाला बांधून, कोट घालून त्यात उभी राहिले. आत्याबाई स्टुलावर चढल्या, हातात तांब्या.

“पडलेलं समदं घंगाळात ऱ्हायलं पायजे. शेळीचं पाणी हाय ते. हलू नको.”

पहिला तांब्या डोक्यावर आला. प्लास्टिकवरून धार सुटली आणि निम्मी घंगाळाबाहेर मातीत गेली.

“थांब, थांब!” आत्याबाई स्टुलावरून पडता पडता वाचल्या. “बाहीर चाललं! बाहीर चाललं!”

परीक्षा तिथंच थांबली. दुर्वा भिजली की नाही ते कोणी पाहिलंच नाही. सगळ्या जणी मातीतल्या त्या ओल्या डागाकडं बघत होत्या.

छबुबाई कोट घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी जे घेऊन आली त्याला आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं कोटाचा खालचा घेर बाहेरून वर दुमडून, गुडघ्याभोवती गोल पन्हाळ शिवली होती. तोंड उघडं राहावं म्हणून काठात ठिबक सिंचनाची काळी नळी घातली होती. नळ्या तशाही दोन सालं पडूनच होत्या. वरून येणारं सगळं पाणी पन्हाळीत जमायचं, मग एक कोपरा वाकवला की बादलीत.

परत मी घंगाळात. परत आत्याबाई स्टुलावर. एक तांब्या, दोन तांबे, चार. एक थेंब बाहेर नाही. आत्याबाईंच्या तोंडावर मी इतकं समाधान माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“आता पोर काढ.”

मी कोट वर केला, दुर्वाला झोळीतून काढलं. झबलं खालून चिंब.

आत्याबाई स्टुलावरून उतरल्या. “भिजली. मिटलं. तू हितंच ऱ्हा.”

छबुबाईला मात्र तिच्या शिलाईचा अपमान सहन होईना. तिनं पुढं येऊन झबल्याचं टोक उचललं, वास घेतला आणि आत्याबाईंच्या नाकाजवळ नेलं.

“मावशी, हे टँकरचं न्हाई. हे तुमच्या नातीचं सोताचं हाय.”

वच्छलाबाई खाली बसून हसल्या. आत्याबाईंनी दुर्वाची पाठ, मान, काखा सगळं चाचपून पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “वरून कोरडी हाय. खालचं आपल्या हाती न्हाई.”

बाकीच्या तिघींनीही आपापल्या कोटांना पन्हाळ लावून घेतली. इतकी चांगली चीज, सोडायची कशाला?

कपड्यांचा प्रश्न आत्याबाईंनी एका वाक्यात सोडवला. मी पाचवारीला पिना कुठं लावायच्या याचा विचार करत होते. त्या म्हणाल्या, “गहिनीनाथची पँट घाल. लुगड्यात पाय अडकून पडशील माज्या नातीला घिऊन.” सासरी ड्रेस घालायला दोन वर्षं परवानगी मागत होते मी, आणि इथं एकदम नवऱ्याची पँट. ती कमरेला नाडीनं बांधली, खालून तीनदा दुमडली. आत्याबाईंनी स्वतः नऊवारीचा काष्टा मारला, पण पोलिस्टरच्या. बुटांचं त्यांनी ऐकलंच नाही. सिरसाळ्याच्या चांभाराकडून त्यांनी जीपच्या टायरच्या तळव्याच्या चपला करून आणल्या, सगळ्यांसाठी, मागून पट्टा बांधायच्या. “जीप घसरती का? न्हाई ना? मंग.”

जीप घसरते. पण हे त्यांना सांगणार कोण?

निघायच्या दिवशी रतनबाईला घ्यायला जीप छावणीवर थांबली. मी कोट हातात घेऊन खाली उतरले तर आमचीच म्हैस दाव्याला हिसडे देत आली आणि तिनं कोटाची बाही तोंडात घातली. तिला दोन सालांनी मुरघासाचा वास आला होता. सोडेना. धुळाजीमामांनी शिंगाला धरून ओढली तेव्हा कोट सुटला. मान वळवून ती आमच्या जीपकडं बघत राहिली, ते मला अजून दिसतं.

मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला उतरलो. ढाब्यावाल्यानं आमच्या बोचक्यांतून बाहेर आलेली प्लास्टिकं पाहिली.

“कपिलधारला का? मावशी, तिथला धबधबा तर पार वाळलाय.”

“पावसात चाललोत,” आत्याबाई म्हणाल्या.

“पाऊस कुठं हाय?”

“हितं असता तर चाललो असतो व्हय?”

संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याला पोचलो. शाळेत मुक्काम. सकाळी बंकट आला, पंचविशीचा, सडपातळ, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. त्यानं आमचे कोट पाहिले, टायरच्या चपला उलट्या करून पाहिल्या आणि मान डोलावली. खालच्या पन्हाळीकडं त्यानं जरा वेळ पाहिलं. त्याला वाटलं, आमच्याकडची फॅशन असेल.

“एकच सांगतो, ताई,” तो मला म्हणाला. “मध्यावर गुराख्यांचं खोपट आहे. तिथून माझा एक माणूस दुपारी खाली येतो. बाळाला त्रास वाटला तर तिथूनच फिरा. पुढं खडा चढ आहे, मग फिरता येत नाही.”

“आईकलंस ना?” आत्याबाई माझ्या मागून म्हणाल्या.

आणि आम्ही पावसात शिरलो. काय सांगू? आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. इथं तो राहात होता. झाडांवर, दगडांवर, धुक्यात, आमच्या नाकाच्या शेंड्यावर. वाटेच्या कडेनं पाणी चाललं होतं, कोणी बघत नाही, कोणी अडवत नाही, नुसतं चाललंय. वच्छलाबाई सारख्या थांबत आणि म्हणत, “अगं बाई. अगं बाई, हे बघ.” रतनबाई घोंगडीच्या खोळीतून गुपचूप हसत होती. दुर्वा तिच्या गळ्यातून तोंड बाहेर काढून, डोळे इतके मोठे करून बघत होती की मला सारखं वाकून तिला बघावंसं वाटे. तिच्या टोपीवर माझ्या हनुवटीचं छप्पर होतं. टायरच्या चपला शेवाळाला घट्ट धरत होत्या. आत्याबाई दर दहा पावलांनी मागून विचारत, “कोरडी हाय का?” आणि मी म्हणे, “हाय.”

तासाभरानं छबुबाई म्हणाली, “मपले पाय जड झाले गं.”

“वय झालं तुजं,” आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांचंही पाऊल सावकाश पडत होतं. माझ्या गुडघ्यांवर काहीतरी डचमळत होतं. मला वाटलं, दोघींचं वजन, चढ, सवय नाही. पुढं चाललेला बंकट डचमळण्याचा आवाज ऐकून मागं वळला.

“मावशी, हे खाली काय साठलंय?”

आम्ही खाली पाहिलं. चौघींच्या चार पन्हाळी काठोकाठ भरल्या होत्या. कळशीभर पाणी प्रत्येकीनं गुडघ्याभोवती बांधून डोंगर चढवलं होतं.

बंकट दगडावर बसला आणि हसला. पोट धरून हसला. “मावशी, पावसात पाणी घेऊन चाललाय तुम्ही! ओता ते!”

कोणी ओतलं नाही. वच्छलाबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. छबुबाईनं कोपरा धरला आणि सोडला. स्वच्छ पाणी होतं हो. पिण्यासारखं.

“पुढं कुठं झाडबिड असंल तर बुडाला घालू,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“ताई, झाडं पाण्यातच उभी आहेत,” बंकट म्हणाला.

“तरी पण. असं रस्त्यात कसं वतायचं?”

“ऱ्हाऊ दे सध्या,” आत्याबाईंनी निकाल दिला. “खोपटापतूर नेऊ. मंग बघू.”

आणि आम्ही तशाच निघालो. पुढं चाललेल्या बंकटचे खांदे मधून मधून हलत होते.

खोपट दिसायला लागलं तेव्हा माझा कोट खाली ओढू लागला. पन्हाळीचं वजन सगळं खांद्यावर आणि पुढच्या बाजूला. माझा गळा मानेला काचत होता, पण खरी गंमत खालच्या गळ्याची होती. तो ताणून लांबट झाला होता, आणि त्याच्या वरच्या काठातून पाणी आत उतरत होतं. मी पाहिलं तर एक थेंब दुर्वाच्या टोपीखालून कपाळावर आला, तिथून नाकावर. ती रडली नाही. तिनं जीभ बाहेर काढून तो चाटला.

मी पटकन कोट वर ओढून धरला, एका हातानं. दुसऱ्या हातानं काठी. असं पुढचा दीड तास काय, तीन मिनिटंही जमणार नव्हतं. मी मागं पाहिलं नाही.

“कोरडी हाय का?”

“हाय,” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

खोपटात बंकटचा माणूस बसलेला होता, खाली जायच्या तयारीत. आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दुर्वाच्या कपाळावर बोट फिरवलं. ते ओलं बोट त्यांनी बघितलं. मग माझ्याकडं.

माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मनात आलं, चला, इथंही पाण्याची नासाडी. गवत, बांध, सगळं तिथं वर, धुक्यात, दीड तासावर होतं. मी त्या माणसाकडं बघून झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले. परतीच्या उतारावर जरा आवळावी लागणार होती.

“छबे,” आत्याबाई म्हणाल्या, “कात्री दे.”

छबुबाई कमरेच्या पिशवीशिवाय कुठं जात नाही. तिनं कात्री दिली आणि मग तिच्या लक्षात आलं. “अहो मावशी, मेण घासलंय त्याला! दोन दिवस लागलेत!”

आत्याबाई चिखलात गुडघ्यावर बसल्या, पोलिस्टरच्या नऊवारीत. माझ्या कोटाची पन्हाळ एका हातात धरली. क्षणभर काहीच केलं नाही. मग त्यांनी तोंड बाजूला फिरवलं, पार डोंगराकडं, आणि कात्री चालवली.

पाणी एकदम सुटलं. त्यांच्या मांडीवरून, माझ्या चपलांवरून, वाटेवरच्या दगडांमधून खाली उतरत गेलं, बाकीच्या पाण्यात मिसळलं. माझे खांदे हलके होऊन वर आले. खालचा गळा दुर्वाच्या हनुवटीखाली बरोबर बसला. आत्याबाईंनी तोंड फिरवलेलंच होतं.

“गेलं?” त्यांनी विचारलं.

“गेलं, आत्याबाई.”

“समदं?”

“समदं.”

त्या गुडघ्याला हात लावून उठल्या. पदरानं दुर्वाचं कपाळ पुसलं, नाकही पुसलं.

“चल वर.”

“पण तुम्ही म्हणालात, भिजली की माघारी...”

“कपाळ म्हंजी पोर न्हाई,” त्या म्हणाल्या. “बंकटराव, चला. कावून थांबलाव?”

मग बाकीच्यांच्याही पन्हाळी कापल्या. वच्छलाबाईंनी आपली कापताना “राम, राम” म्हटलं. छबुबाईनं स्वतःची स्वतःच उसवली, एकेक टाका, जणू परत कधी जोडायची आहे. तिघींचं पाणी मात्र त्यांनी एका खड्ड्यात नीट जमा केलं आणि त्याच्याकडं वळून वळून बघत वर चढल्या. पावसानं तो खड्डा आधीच भरलेला होता.

वाडी धुक्यात होती, पाचच घरं डोळ्यांना दिसत होती. पहिल्याच घरातली बाई, सुंदरबाई तिचं नाव, दारात उभी. तिनं आम्हाला बघितलं, प्लास्टिकं, घोंगडी, टायर, मला आलेली दोन तोंडं, आणि काही न विचारता चुलीजवळची जागा मोकळी केली. तिच्या गोठ्यातल्या गायीनं मान लांब करून वच्छलाबाईंची पाठ चाटायला सुरुवात केली.

दुर्वाला काढलं. आत्याबाईंनी तिला ज्वारी वाळली का बघतात तसं बघितलं, पाठीखाली हात घालून, पोटाखाली, बोटांच्या बेचक्यांत. सगळ्या जणी श्वास धरून बसल्या होत्या. सुंदरबाईला वाटलं, पोरीला काही झालंय, ती हळद घेऊन आली.

“कोरडी हाय,” आत्याबाई म्हणाल्या. आणि मग, “वरून.”

लंगोट बदलला. मी तिला पाजलं, चुलीच्या उबेला. तिचे डोळे मिटायला लागले तेवढ्यात बंकट दारातून म्हणाला, “बांध बघायला आत्ताच जावं लागेल. पाऊस चालू असतानाच कळतं, पाणी कुठं थांबतं ते.”

मी झोळी उचलली. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

“निजलीय ती. म्या बसते हितं. तू जा.”

“उठली तर?”

“तर मी हाय. माज्या पोटची चार वाढवलीत म्या. ही पाचवी. जा, आन नीट बघ. गवत कोणतं, दगड किती खोल पुरलाय, समदं. कागद ओला हुईल, डोक्यात ठिव. आन आल्यावर पयलं मला सांग. मपले गुडघे गेलेत, न्हाईतर म्याच गेले असते.”

दुर्वा जन्मल्यापासून तिला कोणाजवळ सोडून मी घराच्या दाराबाहेर गेले नव्हते. कोट अंगात घातला तेव्हा तो मोठा झाल्यासारखा वाटला. पुढचा घेर रिकामाच लोंबत होता.

बाहेर उतारावर दगडांच्या ओळी दिसल्या, एकाखाली एक. प्रत्येक ओळीमागं पाणी येऊन थबकत होतं, गढूळ, मग निवळत, मग हळूच पुढच्या ओळीकडं. गवत कमरेएवढं. मी दगडाच्या मुळाशी हात घालून खोली मोजायला वाकले, आणि वरचा सगळा पाऊस दुर्वाच्या रिकाम्या गळ्यातून सरळ माझ्या छातीवर उतरला. गारेगार. गहिनीनाथच्या पँटच्या नाडीपर्यंत.

“ताई!” बंकट ओरडला. “ते भोक बंद करा, भिजाल!”

मी हात वर नेला. गळ्याच्या दोन्ही कडा बोटांत धरल्या. मग परत सोडून दिल्या, कारण दगडाची खोली मोजायला मला दोन्ही हात लागत होते. कोपरापर्यंत हात आत गेला. मी मोठ्यानं म्हटलं, विसरू नये म्हणून, “एक हात आणि चार बोटं,” आणि पुढच्या बांधाकडं निघाले.